चंद्रावर साडेआठ किलो

मी शाळेत विज्ञान शिकवते, हे काळाचौकीतल्या आमच्या मंडळाला नको तेव्हा आठवतं. गेल्या गणपतीत देखावा चंद्राचा ठरला आणि पोरं माझ्या मागे लागली, ताई, काहीतरी सायंटिफिक पाहिजे. मग मीच हौसेनं सुचवलं. व्यायामशाळेतला जुना, गोल तबकडीचा वजनकाटा आणायचा आणि तबकडीवर नवा कागद चिकटवायचा. चंद्राची ओढ पृथ्वीच्या एक षष्ठांश, म्हणून साठच्या जागी दहा लिहायचं, बहात्तरच्या जागी बारा. आकडे मी स्वतः काढले, फूटपट्टी घेऊन, दोन संध्याकाळी घालवून.

दुसऱ्याच दिवसापासून काट्यापुढे ही रांग! डाएटला कंटाळलेल्या बायका नऊ-दहा किलो बघून फुलायच्या आणि निर्धास्तपणे मोदक घ्यायला वळायच्या. आई चढली, दहा भरली आणि अख्ख्या चाळीला सांगत सुटली. मला मात्र कशातच चैन नव्हतं. बाबांची पँट कमरेला पिनेनं आवळलेली मी पाहिली होती. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, विसर्जन होऊ दे, मग बघू. वजन तरी करा म्हटलं की अंगावर यायचे.

पाचव्या दिवशी आरतीनंतर, कोणी न बोलावता, ते चपला काढून काट्यावर चढले. काटा साडेआठवर थांबला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आई हसत म्हणाली, हे तर आता उडूनच जातील. मी गुणत होते. साडेआठ सक एक्कावन्न. पाडव्याला व्यायामशाळेत याच काट्यावर ते सहासष्ट भरले होते, मी शेजारीच उभी होते.

कागद तिरका लागला असेल, आकडा माझा चुकला असेल. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे स्वतःची चूक मागितली. रांग मोडून काट्यावर चढले. बारा. घरच्या काट्यावर सकाळीच बहात्तर होते. मेली चूक कुठे नव्हतीच. उतरले, पुन्हा चढले, पुन्हा बारा. मागची बाई करवादली, ताई, तुमचं झालं असेल तर आम्हालाही जाऊ द्या की चंद्रावर.

बाबा मांडवामागे, खुर्च्यांच्या चळतीपाशी एकटेच बसले होते. मी जाऊन समोर उभी राहिले. म्हटलं, बाबा, विसर्जनाबिसर्जनाचं काही सांगू नका, उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचंय. या वेळी ते अंगावर आले नाहीत.

"सहाने गुणायला मला येत नाही, असं वाटलं काय गो तुला?" ते म्हणाले. "तोंडाने सांगायला जमेना. म्हणून चढलो."

मला रडू आवरेना. त्यांनी शेजारची खुर्ची ओढून मला बसवलं आणि कनातीच्या फटीतून आत बघत राहिले. आत आई कुणा पाहुणीला हाताला धरून काट्याकडे नेत होती. आमच्या ह्यांचं साडेआठच भरलं, असं कौतुकानं सांगत होती.

"उद्या येतो मी," बाबा म्हणाले. "पण तिच्यासमोर गुणू नको. विसर्जनापर्यंत तरी."