दोडक्याचा जुना पत्ता

आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरना भाज्यांची नावं होती. पडवळ, दोडका, घोसाळं, कारलं. हा उद्योग सदानंद केळुसकरचा. आमचे लेबनीज जनरल मॅनेजर गंभीर तोंडाने "उर्मिला, पादवाल इज डाउन" म्हणायचे तेव्हा हसू दाबताना माझ्या नाकी नऊ यायचे. मी एकदा सदाला विचारलं, "बाबा रे, लोक गडकिल्ल्यांची नावं देतात, तुला ह्याच बऱ्या सापडल्या?" तर म्हणाला, "मला न आवडणाऱ्या भाज्या आहेत. बंद पडल्या तर वाईट वाटत नाही."

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमची कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी. मी एचआर आणि पगार बघायची, सदा सगळं नेटवर्क. दोघांच्या मध्ये एक काचेचं पार्टिशन. राहायलाही एकाच बिल्डिंगमध्ये, त्यामुळे जाता-येता ट्रॅफिकमध्ये ह्याचं व्याख्यान ऐकणं माझ्या नशिबी होतंच.

व्याख्यानाचा विषय ठरलेला. कॉम्प्युटरला म्हणे नाव कळत नाही, नंबर लागतो. पूर्वी अमेरिकेत जगातल्या सगळ्या जोडलेल्या कॉम्प्युटरांची नावं आणि नंबर एकाच फाइलमध्ये असायचे. एक संस्था ती सांभाळायची. नवं मशीन आलं की तिथे फोन करून नाव घालायचं, बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. मग मशीनं इतकी वाढली की ती फाइल कुणाला आवरेना. तेव्हा डीएनएस आलं. म्हणजे सगळं कुणालाच ठाऊक नाही, ज्याला माहीत असेल त्याला विचारायचं. "पण जुनी फाइल गेली नाही हं," सदा डोळे मिचकावून सांगायचा. "प्रत्येक मशीनमध्ये एक छोटी होस्ट्स फाइल असतेच. मशीन आधी ती बघतं. त्यात नाव सापडलं तर दुसऱ्या कुणाला विचारायला जात नाही."

"तुझ्यासारखंच की," मी म्हणायची.

आणि ते खरंच होतं. मुलगी शुभ्रा पाळण्यात असताना सदा अबुधाबीपलीकडच्या रुवैसच्या साइटवर आला. तिथे डीएनएस वगैरे काही नव्हतं. हा फ्लॉपी घेऊन ह्या केबिनमधून त्या केबिनमध्ये उन्हातान्हात फिरायचा आणि प्रत्येक मशीनवर ती नावांची फाइल स्वतः चढवायचा. बायको अनुराधा आणि मुलगी पुण्याला. फॅमिली व्हिसा मिळाला तोवर शुभ्रा आठवीत गेली होती. आली तेव्हा ती बापाशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलायची, तेही इंग्लिशमधून. सदाने तिला शब्द दिला होता, "तुझी बारावी होईपर्यंत आता आपण तिघं एकत्र. मी तुला मध्येच सोडून कुठे जाणार नाही." बाकी त्याने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही.

आणि नेमकी तिच्या बारावीच्या वर्षी ती मेली मंदी आली. दुबईतले प्रोजेक्ट एकामागून एक थांबले. माझ्या टेबलावरून रोज कुणाचं तरी पत्र जायचं. सकाळी नमस्कार केला की लोक माझ्या हाताकडे बघायचे. अबुधाबीच्या हेड ऑफिसने फर्मान काढलं, सगळा एचआरचा कारभार नव्या सर्व्हरवर हलवा, यापुढे आम्ही इथूनच बघू.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सदाने दोडका हलवला. नाव तेच ठेवलं, मशीन नवं, नंबर नवा. जुनं मशीन महिना-दोन महिने चालू राहू दे, लागलं तर असू दे, म्हणून कोपऱ्यात ठेवलं. रविवारी सकाळपासून तो प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन होस्ट्स फाइलमधली जुनी ओळ काढत होता. माझं मशीन त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं. पगाराच्या मशीनला सगळ्यात शेवटी हात लावायचा, हा त्याचा नेम. माझ्या फाइलमधली ती ओळही त्यानेच घातली होती. एकदा पगाराच्या दिवशी दोडका सापडेना म्हणून मी आकाशपाताळ एक केलं होतं, तेव्हा म्हणाला होता, "घ्या बाईसाहेब, आता तुमच्या मशीनला कुणाला विचारायलाच नको."

तो माझ्या टेबलाशी पोचणार तेवढ्यात त्याला केबिनमध्ये बोलावलं. परत आला तो पत्र घेऊन. शेवटचा दिवस एकतीस डिसेंबर. व्हिसा कॅन्सल करायच्या कागदावर सहीसुद्धा तेव्हाच घेऊन ठेवली, ती आमच्याकडची पद्धतच होती. त्याचा चेहरा बघून मी त्याला खुर्चीवर बसवलं, चहा दिला. माझ्या मशीनचा विषय मग कुणाच्याच डोक्यात राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सदा पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागायला गेला. मार्चमध्ये मुलीची बोर्डाची परीक्षा, तेवढं होऊ द्या. मॅनेजर माणूस बरा होता. माझ्याकडे येऊन म्हणाला, "उर्मिला, मेक इट थर्टी-फर्स्ट मार्च." मला कोण आनंद झाला! मी लगेच दोडक्यावर तारीख बदलली. सदा काचेपलीकडून बघत होता. मी अंगठा दाखवला. त्या दिवशी त्याने सगळ्यांना समोसे आणले.

जानेवारीत अबुधाबीच्या हेड ऑफिसातल्या हाफिजाचा फोन आला. व्हिसा कॅन्सल झालेल्यांची नावं सांगत होती. त्यात सदानंद केळुसकर.

"अगं बाई, मार्च है उसका!" मी ओरडले.

"मेरे सामने तो डिसेंबर है, उर्मिला."

मी पुन्हा उघडून बघितलं. माझ्या स्क्रीनवर दोडका, आणि दोडक्यावर एकतीस मार्च. तिच्या स्क्रीनवरही दोडकाच, आणि एकतीस डिसेंबर. सदा उठून आला. माझ्या खुर्चीत बसला, ती छोटी फाइल उघडली. एकच ओळ होती, दोडका आणि समोर जुना नंबर. मी तारीख बदलली होती ती कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर. नव्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"मीच घातलेली," तो म्हणाला, आणि तिथेच बसून राहिला. मला रडू फुटलं. त्याला नाही.

मॅनेजरनी फोन केले, मी केले. व्हिसाची कामं करणारा आमचा मंदूब म्हणाला, "खलास, सिस्टर. कॅन्सल म्हणजे कॅन्सल." अडीच-तीन महिन्यांसाठी कोण नवा व्हिसा काढतंय? बापाचा गेला की बायको-मुलीचाही गेला. महिन्याच्या आत देश सोडायचा.

शेवटी असं ठरलं की तिघांनी पुण्याला जायचं, शुभ्राने व्हिजिट व्हिसावर परत यायचं आणि परीक्षा माझ्या घरी राहून द्यायची. निघायच्या आधी मी सदाला म्हटलं, "तिला सांग रे काय झालं ते." तर म्हणे, "काय सांगू? होस्ट्स फाइल? सोडून जाणार नाही म्हणालो होतो आणि आता तिलाच परक्या घरी पाठवतोय. कारण काहीही असो, तिच्यासाठी अर्थ एकच."

पोर माझ्याकडे गुपचूप राहिली. अभ्यास करायची, ताट घासून ठेवायची. बापाचा फोन आला की "यस बाबा, फाइन बाबा" म्हणून अर्ध्या मिनिटात माझ्या हातात द्यायची. एकदा मी रागावले तर म्हणाली, "ही डिडन्ट इव्हन आस्क देम, आँटी. ही नेव्हर आस्क्स." मी सांगायला गेले, तर मोठी माणसं समजूत घालतात तसं घालतेय असं तिला वाटलं. उठूनच गेली.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी मी तिला शाळेतून सरळ ऑफिसात आणलं. सदाच्या जागी हेड ऑफिसचा अनिल बसायचा. जुनं मशीन बंद करायची आठवण कुणालाच झाली नव्हती, धूळ खात चालू होतं. माझ्या फाइलमधली ओळ मी अजून काढू दिली नव्हती, नव्या कामासाठी दुसरं मशीन मागून घेतलं होतं. मी दोडका उघडला आणि तिला पुढे केलं. सदानंद केळुसकर. शेवटचा दिवस, एकतीस मार्च. खाली कारण मीच टाइप केलेलं: कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून, मुलीची परीक्षा.

तिने ते वाचलं. परत वाचलं. "ही आस्क्ड," ती म्हणाली.

"हो गं राणी, विचारलं होतं त्याने."

तिने माझा मोबाइल घेतला आणि जिन्यात गेली. काय बोलली मला माहीत नाही. आली तेव्हा डोळे सुजले होते. मला म्हणाली, "आँटी, बाबा नुसते रडत होते."

सदाला पुण्यात परत तसलं काम मिळालं नाही. आता एका शाळेची कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. शुभ्रा हॉस्टेलला गेली, मग नोकरीला बंगळुरूला. एका घरात ती तिघं पुन्हा राहिली नाहीत.

त्या वर्षी अनिलला मी सांगून ठेवलं होतं, एकतीस मार्चच्या आत त्या मशीनला हात लावलास तर बघ. बिचारा थांबला. एकतीसला संध्याकाळी त्याने वायर ओढली. पंखा जरा वेळ फिरला आणि थांबला. दोडका मलाही कधी आवडला नव्हता. पण त्या दिवशी वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.