हिकमत यांच्या उरलेल्या पहाटा

"काल हे गृहस्थ अंकाराला होते, आज अमास्याला आहेत," केतकी म्हणाली. "ताई, तू उगीच वेळ घालवू नकोस. केस क्लोज झालीये."

केतकी आमच्या वॉर्डातली ज्युनिअर डॉक्टर. पुण्याची. मी नागपूरची, लीड्समधल्या एका हॉस्पिटलात ऑक्युपेशनल थेरपिस्ट. हे काम नेमकं काय असतं ते आधी सांगून टाकते, कारण माझ्या सख्ख्या भावाला अजूनही वाटतं की मी लोकांना मालिश करते. फिजिओ माणसाला चालवतो. चालत चालत तो माणूस स्वयंपाकघरात पोचला, की तिथे त्याला काय जमतं हे मी बघते. चहा करता येतो का, शेगडी बंद करायचं लक्षात राहतं का, आंघोळीच्या टबात पाय टाकता येतो का. हा माणूस घरी एकटा राहू शकेल की नाही, याबद्दल माझं मत मागतात. कधी ऐकतात, कधी नाही.

मी भाचीच्या लग्नासाठी रजेवर होते. परत आले तर सहा नंबरच्या बेडवर हिकमत होते आणि त्यांचं सगळं ठरून गेलं होतं.

हिकमत तुर्कस्तानचे. सत्तरी केव्हाच ओलांडलेली. तरुणपणी लीड्सला आले, कपडे लहानमोठे करून द्यायचं छोटं दुकान टाकलं आणि आयुष्यभर तेच चालवलं. बायको गेल्यावर कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. जिन्यात पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. ऑपरेशननंतर इन्फेक्शन होऊन त्यांना डिलिरियम झाला. म्हाताऱ्या माणसांना असं होतं. काही दिवस माणूस बरळतो, कुठे आहोत ते कळत नाही, आणि इन्फेक्शन उतरलं की बहुतेक वेळा ताळ्यावर येतो. त्या दिवसांत हिकमत फक्त तुर्की बोलत होते, म्हणून फोनवरची इंटरप्रिटर लावली गेली. इंटरप्रिटर म्हणजे स्पीकरमधून येणारा एका मुलीचा आवाज. तिनं शब्दाला शब्द सांगायचा, स्वतःचं काही घालायचं नाही, असा नियम असतो.

इन्फेक्शन उतरलं. पण आमच्याकडे अशा पेशंटला रोज सकाळी विचारतात, "तुम्ही कुठे आहात, माहीत आहे का?" आणि हिकमत रोज वेगळ्या गावाचं नाव सांगत होते. कधी बुर्सा, कधी बोलू, कधी आयदिन. त्याच्या आधी एक शब्द असायचा, 'शाफाक'. इंटरप्रिटर म्हणाली, शाफाक म्हणजे पहाट. घड्याळात सकाळचे अकरा वाजलेले, आणि पेशंट म्हणतोय पहाट, बुर्सा. स्थळाचं भान नाही, वेळेचं भान नाही, असा शेरा पडला.

पुढचं सगळं त्या शेऱ्यावर चाललं. इथे कायद्यानं 'कपॅसिटी' बघतात, म्हणजे एखादा निर्णय समजून-उमजून घेण्याची क्षमता. ती नाही असं ठरलं, की पेशंटच्या भल्याचा निर्णय इतरांनी बसून घ्यायचा. तसे सगळे बसले होते. हिकमत घरी राहू शकत नाहीत, त्यांना कायमचं केअर होममध्ये ठेवायचं. जागा मिळाली होती, शुक्रवारी न्यायला गाडी येणार होती. मुलगी सेल्मा हिच्याकडे त्यांच्या वतीनं सही करायचा कायदेशीर अधिकार होता. ती मी परत आले त्याच दिवशी दुपारी फ्लॅटच्या किल्ल्या कौन्सिलला परत करणार होती.

"त्यांना सांगितलंय का हे?" मी विचारलं.

"अगं, सांगून काय उपयोग? त्यांना रिटेन होणार नाही. उगाच डिस्ट्रेस होईल. मी स्वतः असेस केलंय, ताई. दोनदा."

केतकी वाईट मुलगी नाही. रात्रीच्या ड्यूट्या करून डोळे सुजलेले असतात, तरी पेशंटच्या उशीचा अभ्रा स्वतः सरळ करते. म्हणून मी पुढे काही बोलले नाही. पण मला ते खटकलं. माणसाचं घर जातंय आणि घरवाल्यालाच पत्ता नाही, हे कुठल्याही फॉर्मात नीट बसलं तरी मला बसत नाही.

केअर होमला माझा रिपोर्ट हवा होता. कपडे घालताना किती मदत लागते, खाताना किती लागते, एवढंच. निव्वळ औपचारिकता होती. तरी मी म्हटलं, रिपोर्ट द्यायचाच आहे तर सगळं बघून देऊ. आमच्या वॉर्डाला लागून एक छोटं किचन आहे, तिथे आम्ही पेशंटला चहा करायला लावतो. मी हिकमतना वॉकर दिला आणि खाणाखुणा करत तिकडे नेलं.

ओट्यावर केटल, टीबॅग आणि दूध मांडून ठेवलेलं होतं. हिकमतनी टीबॅगकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं. केटलला त्यांनी हातही लावला नाही. एका हातानं वॉकर धरून कपाट उघडलं आणि दोन भांडी काढली, एक मोठं, एक लहान. मोठ्यात पाणी घालून ते शेगडीवर ठेवलं. चार टीबॅग फाडून पत्ती लहान भांड्यात टाकली आणि ते मोठ्यावर बसवलं. पाणी उकळल्यावर त्यातलं थोडं वरच्या पत्तीवर ओतलं, भांडं पुन्हा जागेवर ठेवलं आणि आच कमी केली. मग माझ्याकडे वळून ते इंग्रजीत म्हणाले, "आता पंधरा मिनिटं. चहाला घाई करायची नसते, लव्ह."

अस्सल यॉर्कशरचं इंग्रजी, इथले लोक कुणालाही लव्ह म्हणतात तसं! मी उडालेच.

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"जन्म गेला लीड्सच्या लोकांच्या पँटी आखूड करण्यात. ते काय माझ्याशी तुर्कीत बोलायचे?"

"मग तो इंटरप्रिटरचा फोन?"

"तो तुमचे लोक आणतात. मुलगी गोड बोलते. बायको गेल्यापासून तुर्की बोलायला दुसरं कोण आहे मला? मी कशाला नको म्हणू?"

मी सरळ विचारलं, "आज सकाळी तुम्ही अमास्या का म्हणालात?"

ते हसले. मग वॉकरला टेकून त्यांनी सांगितलं.

तुर्कस्तानात पुरुषांना लष्करात सक्तीची नोकरी करावी लागते. तिथे पोरं सुटकेचे दिवस मोजतात, पण दिवस म्हणत नाहीत, शाफाक म्हणतात. किती पहाटा उरल्या? मोजणी थोडक्यावर आली की आकडाही सांगत नाहीत, गावाचं नाव सांगतात. तिथे प्रत्येक प्रांताला गाडीच्या नंबरप्लेटसाठी एक आकडा ठरलेला आहे. आपल्याकडे एमएच एकतीस म्हटलं की नागपूर आणि बारा म्हटलं की पुणे, तसंच. सहा म्हणजे अंकारा, पाच म्हणजे अमास्या. कुणी विचारलं की जवान ओरडून सांगतो, 'शाफाक, अमास्या!' म्हणजे अजून पाच पहाटा, मग घर. आणि शेवटच्या दिवशी गाव नाही, आकडा नाही. त्या दिवशी म्हणतात, 'दोआन गुनेश', उगवता सूर्य.

"मोठे डॉक्टर म्हणाले होते, महिनाअखेर घरी जाल," हिकमत म्हणाले. "तेव्हापासून मोजतोय."

"पण तुम्हाला विचारत होते की तुम्ही कुठे आहात!"

"सुरुवातीला सांगितलं की. लीड्स. हॉस्पिटल. वॉर्डाचा नंबरसुद्धा सांगितला. तरी रोज तोच प्रश्न, रोज नवी पोरगी. मला वाटलं, म्हाताऱ्याची गंमत करतायत. मग मीही गंमत केली. बराकीत आम्ही असंच करायचो."

मी डोळे मिटून घेतले. बुर्सा, बोलू, आयदिन, अंताल्या, अंकारा, अमास्या. हा माणूस एक दिवसही चुकला नव्हता. आमच्या अख्ख्या वॉर्डात आज तारीख काय हे न बघता सांगू शकणारा तोच एक असावा.

"हिकमत, तुम्हाला शुक्रवारी कुठे नेणार आहेत, माहीत आहे?"

"शुक्रवारी? माझे तर अजून पाच दिवस आहेत. लवकर सोडतायत की काय घरी?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं असं नंतर काहींनी मला ऐकवलं. पण मी त्यांच्या चहाला साक्षी उभी होते आणि मला खोटं बोलवेना. केअर होमचं सांगितलं, कायमचं आहे हे सांगितलं, फ्लॅट आज दुपारी परत करतायत हेही सांगितलं.

त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. मला वाटलं आता हे कोसळतात. मी खुर्ची ओढली. पण ते आधी शेगडीकडे वळले, बटण फिरवून ती बंद केली, बंद झाल्याची खात्री केली आणि मगच खाली बसले.

"ती परीक्षा होती?" ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं का, की ही परीक्षा आहे?"

मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझं शिलाई मशीन आहे तिथे."

मी त्यांच्याजवळ एका नर्सला बसवलं आणि ऑफिसात जाऊन सेल्माला फोन लावला. दोनदा चुकीचा नंबर दाबला.

"मी हाउसिंग ऑफिसात बसलेय," ती म्हणाली. "टोकन घेतलंय. दोन माणसं पुढे आहेत."

मी भराभर सांगितलं. शाफाक, नंबरप्लेट, गावं.

"मलाही फोनवर गावं सांगायचे," ती म्हणाली. "मला वाटलं, बाबा मनानं परत गेले. आईकडे, लहानपणाकडे. मी गाडीत बसून रडायचे. मी इथेच जन्मले हो, मला हे लष्करातलं कुणी कधी सांगितलंच नाही." मग एकदम तिचा आवाज बदलला. "माझा नंबर पुकारतायत."

"उठू नका."

"ते माझ्याकडे बघतायत."

"बघू देत. बसून राहा, सेल्मा."

मग ती म्हणाली, "बसले. पुढचा नंबर लागला."

मी टेबलावर डोकं टेकलं.

संध्याकाळी आमचे कन्सल्टंट डॉक्टर व्हिटफील्ड आले. मोठे डॉक्टर म्हणजे तेच. केतकीलाही बोलावलं. पुन्हा असेसमेंट झाली, या वेळी इंग्रजीत, आणि ही परीक्षा आहे असं आधी सांगून. हिकमतनी शहर, हॉस्पिटल, वॉर्ड, तारीख सगळं सांगितलं. पंतप्रधानांचं नाव सांगितलं आणि वर त्यांच्याविषयीचं स्वतःचं मतही सांगितलं.

"घरी एकटे असताना पुन्हा पडलात तर?"

"गळ्यातलं मदतीचं बटण दाबेन आणि कुणी येईपर्यंत पडल्या पडल्या शिव्या देईन. पडणार नाही असं मी म्हणत नाहीये, डॉक्टर. पडलोच तर माझ्या घरात पडायचंय मला."

कपॅसिटी म्हणजे याहून वेगळं काही नसतं. धोका कळला पाहिजे आणि आपल्याला काय हवं ते सांगता आलं पाहिजे.

डॉक्टर व्हिटफील्ड कानापर्यंत लाल झाले आणि मग एकदम पांढरे. "मिस्टर हिकमत, मला माफ करा," ते म्हणाले. "इट सिम्पली नेव्हर डॉन्ड ऑन अस. आमच्या लक्षातच आलं नाही."

हिकमत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "आमच्याकडे असा चेहरा झाला की म्हणतात, शाफाक अत्ती," ते मला म्हणाले. "याची पहाट फुटली."

नंतर मी त्यावर बराच विचार केला. इंग्रजांचं डॉन, म्हणजे पहाट, सौम्य असतं. ते मुलींचं नाव असतं, नव्या युगाचं असतं, आणि एखादी गोष्ट लक्षात येते तेव्हा हळूहळू उजाडल्यासारखी येते. आपल्याकडे डोक्यात प्रकाश पडतो, तोही बरेचदा हसतहसत. माझ्या नागपूरच्या उर्दू बोलणाऱ्या शेजारणीची शफक तर संध्याकाळची लाली होती. तुर्की शाफाक मुलाचंही नाव असतं, मुलीचंही असतं, पण ते फुटतं तेव्हा माणूस हादरतो आणि त्याच्या तोंडाचा रंग जातो. त्या दिवशी आमच्या वॉर्डात झालं ते तुर्की पद्धतीचं.

केतकी मला चादरी ठेवायच्या लिनन रूममध्ये सापडली. "ताई, मी साइन केलं होतं गं. माझ्या सहीनं त्यांचं घर जात होतं. मी का नाही एकदा तरी विचारलं, की असं का म्हणताय?"

"आता रडू नकोस," मी म्हटलं. "तोंड धू आणि नवीन असेसमेंट नीट लिही. आज ती फाइल पुढे गेली पाहिजे."

घरी पाठवायचं तरी लगेच सोडता येत नव्हतं. टबाशेजारी धरायला दांडा बसवायचा होता, सकाळ-संध्याकाळ येणारी केअरर ठरवायची होती. एकूण आठ दिवस लागणार होते. हे सांगायला मीच गेले, कारण महिनाअखेरची त्यांची मोजणी आता मोडणार होती. मला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. हिकमतनी ऐकून घेतलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला नवीन नर्सनं विचारलं, "तुम्ही कुठे आहात, माहीत आहे का?" त्यांनी तिला नीट सांगितलं, "लीड्स." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "अंताल्या." म्हणजे सात.

तेव्हापासून पेशंटचं उत्तर चुकलं की मी आणखी एक प्रश्न विचारते, असं का म्हणता? फॉर्मवर त्यासाठी जागा नाही. मी समासात लिहिते.

ते घरी गेले त्या दिवशी दुपारचे तीन वाजले होते. आभाळ काळंकुट्ट होतं आणि पाऊस आडवा लागत होता. सेल्मानं गाडी दाराशी आणली, किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात ठेवला. हिकमतनी त्या भिजक्या अंधारात बाहेर पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "दोआन गुनेश!"

मी आत जाऊन शेवटचा रिपोर्ट पूर्ण केला. स्थळाचं भान, पूर्ण. वेळेचं भान, पूर्ण.