घंगाळाच्या कड्या

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात विश्वाच्या जन्माची उरलेली ऊब मोजत होतो. लोक हसायचे. पण डॉक्टरेट झाल्याशिवाय नोकरी कायम होणार नव्हती, तेव्हा म्हटलं, हसू द्या.

ही ऊब म्हणजे आभाळातून चहूकडून येणाऱ्या रेडिओलहरी. त्या झेलायला तोंडाकडे रुंद होत जाणारं धातूचं शिंग लागतं. लहरींना ध्रुवीकरण असेल, म्हणजे त्या एकाच दिशेत जास्त थरथरत असतील, तर शिंग स्वतःभोवती फिरवताना एका फेरीत मीटरचा काटा दोनदा हलायला हवा. तो अजून जगात कुणाचा हलला नव्हता. म्हटलं, आपला हलवू!

शिंग घडवायला दिलं बाजारातल्या चाचांकडे. बंब आणि घंगाळं करण्यात त्यांची हयात गेलेली. आकृती उलटी धरून ते म्हणाले, "पावणं, ह्यात पाणी ऱ्हाणार कसं? बुडाला भोक हाय की!"

"पाणी नाही चाचा, आभाळ भरायचंय."

"मग जरा मोठं करू या."

आठवड्याने लखलखीत पितळी शिंग आलं. तोंडाशी दोन बाजूंना दोन कड्या, घंगाळाला असतात तशा. आकृतीत त्या नव्हत्या. "उचलणार कशाला धरून?" हे चाचांचं म्हणणं मला पटलं. फिजिक्स शिकवणाऱ्याला पटलं, हे लक्षात घ्या.

कॉलेजच्या गच्चीवर, बावड्याच्या साखर कारखान्याकडे पाठ करून, मी शिंग तिरकं आभाळाकडे रोखलं आणि हळूहळू फिरवलं. काटा हलला. एका फेरीत दोनदा! पुन्हा फिरवलं, पुन्हा दोनदा. मी एकटाच नाचलो. मार्गदर्शकांना पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि दुसऱ्या दिवशी चाचांना त्यांच्या शिंगाचा पराक्रम बघायला बोलावलं.

चाचांनी मीटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फिरत्या शिंगाकडे बघत म्हणाले, "सर, कडी वर आली की तोंडावर पडतीया. दोन हायत, दोनदा पडत्यात."

म्हणजे काटा आभाळाने नव्हे, तोंड झाकणाऱ्या कड्यांनी हलवला होता. खोटं कशाला सांगू, त्या म्हाताऱ्याचा मला भयंकर राग आला. पाकीट खिशात होतं, पोस्ट कोपऱ्यावर होतं. चाचा कुणाला सांगायला जाणार होते? मार्गदर्शक काय गच्चीवर चढून कड्या मोजणार होते?

"काढा," मी म्हटलं. चाचांनी कड्या काढल्या. शिंग फिरवलं. काटा ढिम्म. मी पाकीट फाडलं आणि स्वतःला फार थोर समजलो.

पुढे काटा हलत नाही याच्याच नोंदी करत राहिलो, आणि "अमुक मर्यादेपर्यंत ध्रुवीकरण आढळले नाही" एवढ्यावर डॉक्टरेट मिळाली. नोकरी कायम झाली. पेढे आणि बांधलेला प्रबंध घेऊन चाचांच्या दुकानात गेलो.

"काय गावलं?"

"काहीच नाही."

"न्हाय गावलं म्हणून डिग्री? लई भारी काम हाय की!" चाचा पोट धरून हसले. मग हात पुसून त्यांनी प्रबंध घेतला. प्रत्येक भांड्यावर नाव घालून देणारा माणूस तो. पानं उलटत म्हणाले, "माझं नाव कुठं घातलंय?"

आभारात प्राचार्य होते, मार्गदर्शक होते, गच्चीचं कुलूप उघडणारा शिपाईसुद्धा होता.

"हे काय, इथं," म्हणून मी शिपायाच्या ओळीवर बोट ठेवलं. चाचांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, याचा तेव्हा मला केवढा आधार वाटला! त्यांनी त्या ओळीवरून अंगठा फिरवला, आणि शेजारच्या दुकानदाराला ती दाखवायला हाक मारली.