आला का वास?

आमच्या ह्यांचं नाक गेलं ते गुलाबानेच. कोलशेतच्या कारखान्यात साबणात घालायचे वास बनायचे, आणि हे बरीच वर्षं गुलाबाच्या खात्यात. संध्याकाळी नौपाड्याच्या आमच्या जिन्यावर पाऊल पडलं की आधी वास घरात शिरायचा, मग माणूस. शर्ट सोड्यात उकळले तरी जायचा नाही. ह्यांना मात्र कशाचाच वास येत नसे. फोडणी करपली तरी नाही.

आणि अशा माणसाने छंद घ्यावा कसला, तर वासाचा गुलाब तयार करण्याचा. गावठी गुलाबाला वास भरपूर, पण दुपारपर्यंत पाकळ्या खाली. बाजारातला कलमी लाल आठवडाभर ताठ, पण वास शून्य. ह्यांना त्या दोघांचं पोर हवं होतं, टिकणारंही आणि वासाचंही. गच्चीवर ब्रशने एकाचे पराग दुसऱ्याला लावायचे, वर कागदाची टोपी. फळ पिकलं की बिया ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये, माझ्या विरजणाशेजारी. मग रोप, मग फुलाची वाट. आणि फूल आलं की वास कोण घेणार? मी.

डबे, पाणी, मुलांच्या शाळा, आणि त्यात जिने चढून फुलात नाक घालायचं. आता सांगायला गंमत वाटते, तेव्हा जीव कंटाळून जायचा. शेजारच्या वहिनी विचारायच्या, "काय मग, बारसं कधी?"

"नाव ठेवण्यासारखं कोणी नाही हो. नावं ठेवण्यासारखे भरपूर आहेत."

"आला का गं?" हे विचारायचे.

"नाही."

"नीट घे."

"नीटच घेतला. पाण्याच्या ग्लासाला येईल तेवढा."

पहिली रोपं सगळी बिनवासाची. मी म्हटलं, आई एवढी वासाची, मग एकही पोर तिच्यावर कसं गेलं नाही? तर म्हणाले, "वास हे एकट्याचं काम नाही. आमच्या खात्यासारखंच आहे. झाडाच्या आत एकाने माल करायचा, दुसऱ्याने तो पुढे न्यायचा. एक जरी रजेवर गेला तरी वास बंद. आईकडून आलेलं असतं, पण पोरात दबून राहतं. नातवंडांत उतरेल."

म्हणजे आणखी काही वर्षं जिने. माझे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते.

शेवटी नातवंडांतल्या एकाला फूल आलं. हे कामावरून आले ते कपडे न बदलताच वर. फूल हातात धरून माझ्यापुढे केलं. मी वाकले, आणि आला की! गोड, ओळखीचा.

"आला," म्हटलं.

हे पालथ्या बादलीवर बसले. मग हळूच, "गावठीसारखा?"

"अगदी."

दुसऱ्या दिवशी हे पहिल्या पाळीला गेले आणि मी एकटी वर गेले. वाकले. काही नाही. ऊन चढेपर्यंत थांबले, तरी नाही. मग लक्षात आलं. काल मला आलेला वास फुलाचा नव्हता, ह्यांच्या बाहीचा होता.

संध्याकाळी हे त्या रोपाच्या काड्या कलमासाठी काढायला सुरी घेऊन निघाले, तेव्हा दारातच सांगितलं, "अहो, थांबा. तो वास तुमचा होता."

ह्यांनी बाही नाकाशी नेली, हुंगली. मग म्हणाले, "म्हणजे मी तरी वासाचा निघालो."

सुरी स्वयंपाकघरात ठेवून दिली. त्यानंतर हे गच्चीत माझ्याबरोबर येईनात. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून खालच्या पायरीवर उभे राहायचे.

"आला का गं?"

"नाही."

"बरं. ये खाली, चहा निवतोय."