कोऱ्या दाखल्यावरची सही

ती बाई आणि तिचे बांबूचे आकाशकंदील अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांच्या फायली बंद झाल्या की मी खुशाल झोपायचो. ही तर बाजारातल्या तात्पुरत्या गाळ्याच्या परवान्याची भानगड. पण हिने माझी झोप घालवली ती घालवलीच.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यात मी एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही. चूक ठाण्याची नव्हती, माझी होती.

दिवाळीच्या बाजारासाठी पालिका मैदानावर फक्कीने चौकोन आखून आठ दिवसांचे गाळे द्यायची. अर्जाला आमचा ना हरकत दाखला जोडायचा, मग पालिकेचा परवाना मिळायचा. वसुबारसेच्या सकाळी पालिकेचा निरीक्षक एका बाईला घेऊन ठाण्यात आला.

"साहेब, चौदा नंबरच्या गाळ्यावर दोन परवाने निघालेत. एक गावातल्या तोरणवाल्याचा, तो रजिस्टरला आहे. हिचा कुठंच नाही. माल आम्ही गोदामात टाकलाय. बनावट कागदाचा गुन्हा घ्या."

बाई चाळिशीची, पोशेऱ्याकडच्या एका पाड्यावरची. तिच्यासह पाच जणींनी दोन महिने खपून कंदील केले होते. दिवाळी झाली की त्यांच्या पाड्यावरची माणसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पोरांची शाळा सुटते. कंदील खपले तर या वर्षी जायचं नाही, असं त्या पाच जणींनी ठरवलं होतं. आणि कंदील दिवाळीनंतर कोण घेतो?

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त दाखला पाहिला आणि माझं डोकं सरकलं. त्यावर माझी सही होती आणि खाली जी तारीख होती, त्या दिवशी मी पालघरला कोर्टात साक्षीला होतो. माझी सही मारायची हिंमत करतात? मी बाईला समोर बसवलं.

"हा कागद कुणी दिला?"

"पालिकेसमोरच्या अर्जवाल्यानं."

"आणि सही कुणी केली?"

"तो बोलला, साहेबाची हाय."

दोन तास मी तेच प्रश्न उलटसुलट विचारले. खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं जास्त सांगतो. ही दर वेळी तेवढंच सांगत होती. हे माझ्या लक्षात येत होतं, पण रागावलेल्या माणसाच्या लक्षात येऊन उपयोग काय? शेवटी दुसऱ्या दिवशी हजर राहण्याची नोटीस मी तिच्यासमोर सही करून तिच्या हातात दिली.

ती उठली नाही. टेबलावरच्या दाखल्याशेजारी तिने नोटीस ठेवली आणि बोट फिरवून दोन्ही कागद बघत बसली. तिला अक्षर येत नव्हतं, पण बांबूच्या कामट्यांच्या विणीत एक घर चुकलं तरी ओळखणारी नजर होती ती.

"साहेब, हा शेपूट बघ. दोन्हीकडं सारखाच वळलाय. ही सही तुझीच हाय."

तिकडची माणसं साहेबालाही अरे-तुरे करतात, त्यात अपमान नसतो. पण दारावरचा हवालदार तिच्यावर खेकसला. मी त्याला गप्प केलं. शेपूट माझंच होतं. तारीख मात्र दुसऱ्याच्या अक्षरात, दुसऱ्या शाईत होती.

मग आठवलं. दसऱ्याच्या मिरवणुकीचा बंदोबस्त डोक्यावर होता. दाखल्यांसाठी लोकांची रीघ लागली होती. मी दुपारी छापील दाखल्यांच्या अख्ख्या गठ्ठ्यावर कोऱ्याच सह्या ठोकल्या आणि तो बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावक बघणाऱ्या हवालदाराला देऊन निघून गेलो.

त्याला बोलावलं. तो आधी इकडचं तिकडचं बोलला, मग मान खाली घालून म्हणाला, "साहेब, पाड्यावरची माणसं एका दाखल्यासाठी दोन-दोन खेपा घालतात. एसटीचा भरवसा नाही. म्हणून काही दाखले अर्जवाल्याकडे ठेवले. तपासूनच भर, असं सांगितलं होतं."

धनत्रयोदशीला अर्जवाल्याच्या दुकानाची झडती घेतली. माझ्या सहीचे उरलेले दाखले खणात मिळाले, आणि जुन्या परवान्यावर कागद चिकटवून काढलेल्या झेरॉक्सही. परवाने त्याने स्वतःच तयार केले होते. तो बेरड मला म्हणतो, "सही कुठं खोटी आहे साहेब? तुमचीच तर आहे."

पंचांसमोर मी काय लिहून घेतलं असेल? ‘सहीसारखी निशाणी’. लाज वाटते सांगायला, पण हेच शब्द होते.

सही खोटी म्हटली की ती वापरणारी बाई आरोपी होणार. सही माझी म्हटली की ती फक्त फसवली गेलेली, तिचा माल त्याच दिवशी सुटणार. आणि माझी खातेनिहाय चौकशी लागणार. वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "सही तुमची नाही म्हणा आणि मोकळे व्हा. तज्ज्ञाचा अहवाल येईपर्यंत तुमची बदली झालेली असेल." बढतीच्या यादीत माझं नाव होतं. मी विचार करतो म्हणालो.

बाई दोन्ही दिवस सकाळच्या गाडीने आली आणि ठाण्याच्या ओट्यावर बसून राहिली. मी आत-बाहेर करायचो. प्रत्येक वेळी तिचा एकच प्रश्न.

"लिवलास का, साहेब?"

"तपास चालू आहे," मी म्हणायचो. मग मी मागच्या दाराने ये-जा करायला लागलो. ठाण्याचा प्रभारी, स्वतःच्याच ठाण्यात मागच्या दाराने.

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी एकदाची मी स्टेशन डायरी ओढली आणि नोंद केली: दाखल्यावरची सही माझीच, कोऱ्या कागदावर मीच केलेली, सदर महिलेचा दोष नाही. लगेच पालिकेला कळवलं. निरीक्षक अवघडून म्हणाला, "साहेब, गोदामाची चावी घेऊन आमचा माणूस सुट्टीवर गावी गेला. आता भाऊबीजेनंतरच."

त्या माणसाचा फोन लागेना. कुलूप तोडायला पालिकेतलं कुणी पुढे होईना, आणि मीही नेट लावला नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कंदील बाहेर आले, तेव्हा मैदानावर पालिकेची झाडू मारणारी माणसं होती.

अर्जवाल्यावर खटला झाला. बारनिशीच्या हवालदाराला सक्त ताकीद मिळाली. माझी चौकशी झाली, बढती दोन वर्षं अडली. ते सोसलं.

कंदील सुटल्यावर आठवड्याभराने एसटी स्टँडजवळ भट्टीवाल्याची पिकअप उभी होती. मागे भांडी, गोधड्या, कोंबड्या, शाळेच्या गणवेशातच बसलेली पोरं आणि ती. मी जवळ गेलो. तीच बोलली, रागाने नाही.

"खरा लिवलास तू, साहेब. पन दिवाली गेली."

कोऱ्या कागदावर सही करायची नाही, याला मी तेव्हाच कानाला खडा लावला. आजही बँकेत फॉर्मच्या रिकाम्या रकान्यांवर रेघा मारतो, तर बायको हसते. पण या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच नाही. कोऱ्या सह्या मी घाईत केल्या होत्या. ती चूक मी स्वतःला माफ करू शकतो. सही माझी आहे हे मला वसुबारसेला कळलं आणि मी लिहिलं नरकचतुर्दशीला. मधले दोन दिवस मी पूर्ण शुद्धीवर होतो.