भाकरीचा आवाज

माझी सून मुलाच्या मोटरसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसली होती. तेर गावच्या रस्त्याला गतिरोधकावर गाडी उसळली आणि ती डोक्यावर पडली. धाराशिवला सिटी स्कॅन केला. त्यात काही नाही, घरी न्या म्हणाले.

ते 'काही नाही' मी पक्कं धरून बसले. पंधरा दिवसांनी तिनं भाकरी थापायची सोडली. थापल्याचा आवाज डोक्यात घुसतो म्हणायची. चपात्या लाटायची, त्याही तव्यावर टाकून विसरायची. मला ती कामचुकार वाटली. शेजारणीला ऐकू जाईल असं मी बोलले, की मशीनला दिसत नाही आणि हिचं दुखणं संपत नाही. मुलगा म्हणाला, माहेरी धाडू. डोक्यानं गेली अशी बोलवा झाली की सून परत आणणं अवघड, हे मला ठाऊक होतं. तरी त्याला अडवलं नाही.

धाडायच्या आधी एकदा दाखवावं म्हणून मी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या तिला विचारत होत्या आणि उत्तरं मीच देत होते. त्यांनी मला थांबवलं, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एमआरआयला सोलापूरला पाठवलं.

आत धातू चालत नाही. तिनं मंगळसूत्र, जोडवी काढून माझ्या हातात दिली. मशीनची धडधड दाराबाहेर ऐकू येत होती. भाकरीचा आवाज न सोसणारी पोर त्यात अर्धा तास न हलता पडून राहिली. बाहेर आली ती कान दाबून खाली बसली.

"आत्या, ह्यात तरी दिसंल ना?" एवढंच मला म्हणाली.

दिसलं. कारळाच्या दाण्यासारखे काळे ठिपके. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मार लागून तिथं बारीक रक्तस्राव झालाय. इतकं बारीक सिटी स्कॅनमध्ये दिसेलच असं नाही. ऑपरेशन नको, विश्रांती हवी, गोंगाट नको. ठिपके राहतील कदाचित, त्रास हळूहळू कमी व्हावा. सून हसली. मेंदूत रक्त निघालं म्हणून हसणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली, आणि तिला तशी करणारी मीच.

माहेरचा विषय मी मुलाला पुन्हा काढू दिला नाही. आता काटवट घेऊन गोठ्यापलीकडच्या चुलीवर भाकरी मी थापते. गुडघे ओरडतात. शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, सुनंनं घराबाहेर काढलं का?

"न्हाय," मी म्हटलं. "तिचं डोकं खरंच दुखतंय. त्या दिवशी म्या खोटं बोलले."