साध्या पाण्यातला राजमा

माझ्या मावशीला काटकसरीबद्दल शाबासकी मिळाली आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. मी तिच्या हाताखाली काम करायचे. सगळं डोळ्यांदेखत घडलं. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये दर बुधवारी चिली असते. राजमा, खिमा आणि वाटलेली लाल मिरची एकाच पातेल्यात, बस. तयार खिमा महाग, म्हणून मावशी खांद्याचं निबर मांस मागवायची आणि सुरीने बारीक करायची. हाडं वेगळी उकळून त्या पाण्यात राजमा शिजवायची, त्यातला थोडा घोटून रस्सा दाट करायची. कांदा सुटलेल्या चरबीतच परतायचा, वर तेल नाही. यातून जे वाचेल ते लोकांना दुसऱ्यांदा वाढायचं, एवढाच तिचा हेतू. कारखान्याच्या भट्टीवरची माणसं बोटं चाटत उठायची.

एकदा कॅन्टीनच्या नव्या कंत्राटदाराने चव घेतली. "वा, मावशी! मटण किती घातलंत?" किती थोडक्या मटणात भागवते, ते तिने मोठ्या अभिमानाने खरं सांगितलं. बिचारीला वाटलं, माणूस कौतुक करतोय. पुढच्या बुधवारी मटण निम्मं आलं. तिने हाडं जास्त वेळ उकळली आणि निभावून नेलं. मग त्याच्याही निम्मं आलं. दुसऱ्यांदा वाढणं तर केव्हाच बंद झालं होतं. मावशी विचारायला गेली, तर तो म्हणाला, "जमतंय की तुम्हाला."

"लोकांच्या तोंडचा घास काढतोय मेला, आणि तोही माझ्या हातांनी," ती परत येऊन म्हणाली.

त्या बुधवारी तिने हाडं उकळलीच नाहीत. राजमा साध्या पाण्यात शिजवला, घोटलाही नाही. "जेवढं आलंय तेवढंच दिसू दे," म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने पातेल्यातलं चाखून पाहिलं नाही.

जेवायला बसलेल्यांनी ताटं आपटली. भट्टीवरचा मुकादम उठून आला. "मावशी, हात बिघडला का तुमचा?"

"हात तोच आहे, दादा. पातेल्यात मटण नाही. कंत्राटदाराला विचारा."

सगळे त्याच्या खोलीत घुसले. तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, "मटण मी पूर्ण पाठवतो. बाईंचं वय झालं, आता जमत नाही त्यांना. आचारी बदलतो." आणि अकरा वर्षं तिच्या हातचं जेवलेल्यांनी माना डोलावल्या.

पुढच्या बुधवारी मटण पुरेपूर आलं. सोबत नवा आचारीही आला. त्याने कच्च्या कांद्यावरच खिमा ओतला. लोकांनी दोनदा मागून घेतलं. "आता कुठे खरा आचारी मिळाला," मुकादम मावशीच्या समोर म्हणाला.

मावशीला आता कांदे चिरायला बसवलं होतं, माझ्या शेजारी. मी मूर्खासारखी म्हणाले, "जाऊ दे गं. लोकांना मटण मिळालं ना."

तिची सुरी थांबली. "ते मिळालं म्हणून मी थंड होईन, असं समजू नकोस. मला खोटारडी ठरवलं. एकाने तरी म्हणायचं होतं, मावशी असं करणार नाही. एकाने तरी."

मी पुढचा कांदा हातात घेतला. आलेलं मटण तोलून घ्यायचं काम माझंच होतं. सगळे आत घुसले त्या दिवशी मी कंत्राटदाराच्या दाराशीच उभी होते, आणि मूग गिळून गप्प बसले होते.